पाटावर बसलेला पाहुणा

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात आधी वाढली ती साहेब लोकांची ये-जा. तोवर कुठलाही कागद हवा असला की सकाळची एसटी पकडून उस्मानाबाद गाठायचं, बाकावर बसून दिवस घालवायचा आणि 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे ऐकून परत यायचं, हे वडीलधाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आता कचेऱ्याच आमच्या दारात आल्या. जुन्या दुकानांवर, शाळेच्या खोल्यांवर पाट्या लागल्या, साहेब आले, साहेबांमागून कारकून आले; पण या सगळ्यांनी निजायचं कुठं, याचा विचार मात्र कुणी केलेला नव्हता. तो केला आमच्या रेवणअप्पांनी. ते मूळचे डाळीचे व्यापारी. गंजगोलाईजवळचं आपलं रिकामं गोदाम पाडून त्यांनी तिथं तीन मजली लॉज उभं केलं आणि दर्शनी भिंतीवर 'अटॅच्ड बाथरूम' ही अक्षरं लॉजच्या नावापेक्षा मोठी रंगवून घेतली. नेमका त्याच वर्षी पावसानं दगा दिला. बाथरूम होत्या, नळ होते, नळांना चकचकीत तोट्या होत्या, पाणी तेवढं नव्हतं. साहेब लोक तोटी फिरवायचे, तिच्यातून फुस्स आवाज यायचा, आणि मग ते खाली येऊन माझ्यावर ओरडायचे.

कारण काउंटरवर मी बसायचो. बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत होती, पण रानातच काही नाही तर अडतीवर येणार काय? डाळमिली आळीपाळीनं बंद पडत होत्या. लहानपणापासून ज्या घरघरीत आम्ही झोपलो, उठलो, अभ्यास केला, ती थांबल्यावर गल्ली इतकी शांत झाली की लांबून येणाऱ्या टँकरचा भोंगासुद्धा बायकांना आधी कळायचा. 'पाऊस पडेस्तोवर बस तिथं,' म्हणून अप्पांनी मला रेवणअप्पांच्या हवाली केलं. मला ते काम मनापासून आवडलं. चिडलेला माणूस जिना उतरून येतो, आपण त्याच्याशी चार शब्द बोलतो, अर्धी बादली पाणी आणि एक कप चहा त्याच्या खोलीत पोचवतो, आणि संध्याकाळी तोच माणूस आपल्याला आपल्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगतो, यात मला गंमत वाटायची. पुढं सारी हयात मी आखाती देशांतल्या हॉटेलांत काढली, मॅनेजर होऊन निवृत्त झालो. हाताखालची नवी मुलं विचारायची, सर, तुम्ही हे कुठं शिकलात? त्यांना वाटायचं मी स्वित्झर्लंडचं नाव घेईन. मी लातूरचं लॉज म्हटलं की ती हसायची, आणि मीही त्यांना हसू द्यायचो.

घरी राज्य अव्वाचं, म्हणजे आईचं. आमचं घर लिंगायत, अव्वाचं माहेर पार बिदरच्या बाजूचं. त्यामुळे तिचं रागावणं कानडीत आणि समजावणं मराठीत चालायचं. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात घास जायचा नाही. दुष्काळानं चहातलं दूध पातळ केलं, अंघोळी तांब्यावर आणल्या, पण पूजा आणि स्वयंपाक या दोन गोष्टींत अव्वानं हात आखडला नाही. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढ्यावर ती असं जेवू घालायची की दुष्काळ दाराबाहेर आहे असंच वाटावं. ताटात काही टाकलेलं तिला खपायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. मला तो प्रकार कॉलेजच्या मित्रांपुढं लाजिरवाणा वाटायचा. आता एकटाच जेवत असलो की मी आपसूक तेच करतो.

अशात लॉजवर पिंटोसाहेब उतरले. मूळचे मंगळूरचे ख्रिश्चन, वयानं पन्नाशीच्या पुढचे, डोक्यावर चकचकीत टक्कल, बोलणं हळू. मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात सगळं धान्य-किराणा त्यांच्या हुकमतीखाली. मुंबईहून जी तूरडाळ जायची तिच्यात स्वस्तातली, तुरीसारखीच दिसणारी लाखेची डाळ मिसळलेली निघू लागली, म्हणून सुट्टीवर आलेला हा माणूस थेट डाळीच्या गावी येऊन थडकला होता. जन्माची अडत पाहिलेली असल्यामुळे मी त्यांच्याबरोबर मोंढ्यात हिंडलो, लाखेचा दाणा कसा पाचरीसारखा चपटा असतो ते दाखवलं. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी जेवायला बसलो तेव्हा त्यांनी तिसऱ्या पोळीला हात आडवा केला, यजमानांचं तोंड उतरलं. बाहेर आल्यावर मी त्यांना समजावलं, 'साहेब, आमच्याकडं पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं. घरधनी जे करील ते करू द्यायचं.' त्यांनी मान डोलावली. हा माझा उपदेश त्यांनी किती मनावर घेतला, ते लवकरच कळायचं होतं. जाण्याआधी दोन दिवस ते काउंटरपाशी उभे राहून म्हणाले, 'बसवराज, तू इथं काय करतोस? माझ्याबरोबर चल. सुरुवातीला पडेल ते काम करावं लागेल, पण तू या धंद्यात वर जाशील.'

मी घरी जाऊन सांगितलं. अप्पा आनंदले, त्यांनी पेपर खाली ठेवला, मग अव्वाकडं पाहिलं आणि पेपर परत उचलला. अव्वा भाकरी थापत होती.

'कशाचं काम?' तिनं विचारलं.

'हॉटेलात. लई मोठं हाय, अव्वा. परदेशी लोक येत्यात.'

'मग ते परदेशी लोक काय येसराची आमटी खायला येत्यात काय? मटण-मच्छीची ताटं उचलशील तू. गळ्यात लिंग आन् हातात हाडकं! न्हाई म्हंजे न्हाई.'

'खाणार थोडीच हाय मी?'

'आज न्हाई खाणार. तिथं तुझ्या ताटात काय पडलं ते बघाया कोन हाय? मी इथं बसून काय कपाळ बघू?' भाकरी तव्यावर आपटली गेली. 'आन् तो मस्कतवाला माझ्या दारात उभा करू नको, सांगून ठेवते. चांगल्या घरची पोरं नासवायलाय.'

अप्पा पेपरातून हळूच म्हणाले, 'बघ बाबा, तुझी आई काय म्हणती ते.' अव्वाच्या परवानगीवाचून मी उंबरा ओलांडणार नव्हतो आणि ते तिलाही ठाऊक होतं. पिंटोसाहेब दोन दिवसांनी जाणार. असा माणूस पुन्हा कोण माझ्या काउंटरपाशी येऊन उभा राहणार होता? त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. माझं वय, माझी हौस, माझी सगळी उमेद त्या एका 'न्हाई'पाशी येऊन अडली होती.

पिंटोसाहेबांचा जायचा दिवस म्हणजे नेमका आमच्या आजोबांचा स्मरणदिवस. त्या दिवशी घरी जंगम स्वामी यायचे. आमच्यात जंगम म्हणजे गुरू. त्यांना पाटावर बसवून पाय धुतल्याशिवाय पंगत बसत नाही. दरवर्षीचे म्हातारे स्वामी आजारी होते. मठातून निरोप आला की यंदा नवे स्वामी येतील, कर्नाटकातले आहेत, मराठी जेमतेम. त्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. अप्पांच्या एका मित्राच्या मळ्यात विहिरीला थोडा पाझर होता, तिथून बैलगाडीवर पिंप आणलेलं. त्यातलं स्वयंपाकाचं पाणी वेगळं काढलं, आणि पाद्यपूजेची तांब्याची घागर अव्वानं फडकं बांधून देव्हाऱ्यापाशी ठेवली. तिला कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती.

त्याच सकाळी मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी पिंटोसाहेबांचा सत्कार केला. इतकी मोठी मागणी नोंदवणारा माणूस, त्याला मोकळ्या हातानं कसं पाठवणार? भगवी शाल, नारळ, हार, आणि मंडळी सगळी आमचीच असल्यामुळे वडीलधाऱ्या व्यापाऱ्यानं कपाळावर विभूतीचे तीन पट्टेही ओढले. तिथून त्यांना शेवटची डाळ दाखवायला चालू मिलमध्ये नेलं. लॉजवर परत आले तेव्हा डाळीच्या कोंड्यानं अंग खाजून बेजार झालं होतं. टँकर आलेला नव्हता. मी रिक्षावाल्या गफूरभाईच्या हाती आधीच घरी निरोप धाडला होता, 'एक पाहुणा अंघोळीला येईल, बादलीभर पाणी ठेवा.' पाहुण्याचं नाव मी सांगितलं नव्हतं. वाटलं, एकदा अव्वानं या भल्या माणसाला डोळ्यांनी बघितलं तर तिचा राग निवळेल. साहेबांना गफूरभाईच्या रिक्षात बसवलं. मला निघता येईना, कारण त्याच वेळी एका नव्या साहेबांचं बिऱ्हाड लॉजवर उतरलं.

पुढचं मला बहिणीनं, महानंदानं सांगितलं. पिंटोसाहेबांच्या थोडं आधी एक तरणा माणूस दारात आला. टेरिकॉटची पँट, खांद्याला रेक्झिनची बॅग, एसटीनं धुळीत लोळवल्यासारखा अवतार. 'हेच का घर?' असं त्यानं अडखळत विचारलं. अव्वा म्हणाली, 'हेच हेच, या. बादली काढून ठेवलीया, आधी अंघोळ उरका.' तो बिचारा नमस्कार करून मोरीत गेला. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. भगवी शाल, कपाळावर विभूती, हातात नारळ, गळ्यात हार, तकतकीत डोकं. अव्वानं पदर सावरला आणि कानडीत म्हणाली, 'बन्री, बन्री.' या, या. पिंटोसाहेबांना कित्येक दिवसांनी कानडी ऐकायला मिळाली. त्यांनी त्यांच्या किनारपट्टीच्या, पुस्तकातल्यासारख्या कानडीत उत्तर दिलं. अव्वाला वाटलं, स्वामी चांगलेच पंडित दिसतायत! तिनं त्यांना थेट पाटावर बसवलं.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा सगळं घर हात जोडून उभं होतं. मधोमध पिंटोसाहेब. पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवलेली, पाय परातीत. अव्वा त्या जपून ठेवलेल्या घागरीतलं पाणी त्यांच्या पायांवर सोडत होती, हातानं घोटे चोळत होती, बोटांच्या बेचक्यांतला डाळीचा कोंडा काढत होती. अप्पा बेलाची पानं घेऊन तयार. मी चपलांसकट उंबऱ्यातच थबकलो. पिंटोसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर, तूच सांगितलंस ना नको म्हणायचं नाही, असा भाव. अव्वानं पायांवर फुलं वाहिली आणि डोकं टेकवलं.

आणि मोरीचं दार उघडलं. आत गेलेला धुळकट तरुण बाहेर आला तो भगव्या वस्त्रात, कपाळभर ताजी विभूती, हातात रुद्राक्षाची माळ. त्यानं भरल्या घराकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं, आणि पाटावर आधीच कुणीतरी बसलेलं बघून गोंधळून तिथंच उभा राहिला.

'हे कोन?' अव्वानं मला विचारलं. मग पाटाकडं बोट करून, 'आन् हे कोन?'

मला सांगावंच लागलं. 'अव्वा, ते स्वामी. आन् हे... मस्कतवाले.'

पहिलं तोंड उघडलं ते भीमाशंकर काकांनी, अप्पांच्या धाकट्या भावानं. 'आगं वैनी, ख्रिश्चनाचे पाय धुतले? उठवा त्यांना आधी पाटावरनं!' पिंटोसाहेब उठायलाच लागले होते. अव्वा एव्हाना लालबुंद झाली होती. ती माझ्यावर तुटून पडणार अशी माझी खात्री होती. पण ती वळली काकांकडं. 'पाय धुऊन बसवलेल्याला उठवायची रीत तुमच्या घरात आसंल भावजी, माझ्या घरात न्हाई. बसा वो तुम्ही.' शेवटचं पिंटोसाहेबांना. ते मटकन बसले.

मग तिला एकदम घागरीची आठवण झाली. घागर रिकामी होती. ती खऱ्या स्वामींपुढं हात जोडून रडवेली झाली, 'तुमच्या पायाला पाणीच ऱ्हायलं न्हाई, स्वामी.' स्वामी माझ्यापेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी मोठे असतील. ते इतका वेळ हसू दाबत होते, ते आता फुटलं. मोडक्या मराठीत म्हणाले, 'अव्वा, अख्खी बादली दिली तुम्ही. पाय त्यातच आले.' त्यासरशी अप्पा हसले, महानंदा हसली, शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि काकांनाही काही वेळानं हसावं लागलं.

पंगत बसली. स्वामींनी आपणहून पिंटोसाहेबांशेजारी पान मांडायला सांगितलं. हुग्गी म्हणजे आमची गुळातली गव्हाची खीर, वर खसखस. पुरणपोळी, कटाची आमटी, कढी. पिंटोसाहेबांनी सगळं मागून घेतलं. शेवटी स्वामींनी ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि प्यायले. पिंटोसाहेब क्षणभर बघत राहिले, मग त्यांनीही तसंच केलं. अव्वा वाढता वाढता थांबून बघत होती. हात धुतल्यावर ते तिला कानडीत म्हणाले की त्यांच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधी एके दिवशी पाद्री गावातल्या काही जणांचे पाय धुतात. 'लहानपणापासून मी पुढच्या बाकावर बसायचो, पायाला साबण लावून जायचो. कधी निवडलं नाही मला, अम्मा. आज तुम्ही धुतलेत.' एवढं बोलून त्यांनी शालीनं डोळे पुसले. मी अव्वाच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळत होतो. माझ्याबद्दल बोलायची ही वेळ नव्हती, आणि दुसरी वेळ येणार नव्हती. संध्याकाळच्या गाडीनं ते जाणार होते.

अव्वानं पदराला हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मराठीत स्वामींना विचारलं, 'स्वामी, चुकून झालेली पूजा परत घेता येती का?'

'नाही अव्वा. झाली ती झाली.'

'म्हंजे हे आता आमच्या घरचे गुरू झाले.'

स्वामींनी हसत मान डोलावली. काका काहीतरी पुटपुटले. अव्वा पिंटोसाहेबांपुढं जाऊन बसली, अगदी समोर, मोंढ्यात सौदा करायला बसावं तशी. 'मग ऐका. गुरू झालं की शिष्याचा भार येतो. हे माझं पोरगं तुमच्यामागं यायचं म्हणून दोन दिवस उपाशी हाय. त्याला वाटतं माझ्या ध्यानात येत न्हाई. त्याला नेणार आसलात तर त्याचं ताट तुमच्याकडं. तो काय खातो, पूजा करतो का न्हाई, ते तुम्ही बघायचं. त्याच्या ताटात वंगाळ काय आलं तर ते तुम्हाला लागंल.'

पिंटोसाहेबांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांचा तो सरळपणा मला पुढं आयुष्यभर पुरला. ते म्हणाले, 'अम्मा, हॉटेलात मांस शिजतं. त्याला ती ताटं उचलावी लागतील. मी खोटं कसं सांगू?'

गेले दोन दिवस अव्वा ज्या गोष्टीसाठी माझ्याशी भांडली होती, तीच त्यांनी उघडपणे तिच्यापुढं ठेवली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मी परका झालेला तिला आधीच दिसत असावा. 'उचलंल,' ती म्हणाली. 'पाहुण्याचं ताट उचलण्यात काय कमीपना हाय? खायाचं न्हाई, एवढंच.'

'आयतु, अम्मा,' पिंटोसाहेब म्हणाले. झालं, अम्मा. तो शब्द त्यांनी कसा पाळला ते सांगायला हवं. मस्कतला कामगारांच्या जेवणघरात, ते निवृत्त होऊन मंगळूरला परत जाईपर्यंत, हा एवढा मोठा साहेब आपलं ताट घ्यायच्या आधी माझ्या ताटात डोकावून जायचा. पोरं मला चिडवायची. मी मोठ्या हुद्द्यावर चढलो तरी त्यांची ती सवय गेली नाही, आणि एकदा ते तापानं आजारी असताना त्यांनी माझ्या ताटाची चौकशी करायला माणूस पाठवला होता.

पण त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की मी जाणार. मी धावत अव्वाच्या पाया पडायला वाकलो, तर तिनं मला खांद्याला धरून वळवलं. 'माझ्या मागनं. आधी गुरूच्या पड.' मी पिंटोसाहेबांपुढं वाकलो. त्यांनी घाबरून दोन्ही पाय पाटाखाली ओढले. 'नको, नको, अम्मा, हे बरं नाही. माझे पाय...'

'ऱ्हाऊ द्या की तसेच,' अव्वा डोळे पुसत म्हणाली. 'सोच्छ हायत. मीच धुतलेत.'